कार्बोरेटर खोलण्याआधी

माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे, १९९४ सालची. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा आता तिशीच्या घरात आहे. तिच्या पोटात पेट्रोलचा पंप नाही की सेन्सर नाही. टाकीतलं पेट्रोल आपल्याच वजनाने खाली येतं, कार्बोरेटरच्या वाटीत साठतं आणि इंजिनाच्या ओढीने आत जातं. मामला इतका साधा, तरी साताऱ्यात दोन आरएक्सवाले चहाला भेटले की तिसऱ्या वाक्याला कार्बोरेटर निघतोच. जेट कुठला टाकलास, ट्यूनिंग कुणाकडे केलंस, अ‍ॅव्हरेज किती देते. माझं मत विचाराल तर कार्बोरेटरवर जेवढे आळ येतात, त्यातल्या अर्ध्याअधिक वेळा तो निर्दोष असतो. तो डोळ्यांसमोर असतो, चार स्क्रूत खोलता येतो, म्हणून पहिला हात त्याच्यावर पडतो.

पुढे जे लिहिलंय ते टू-स्ट्रोक आरएक्सवरून. पण बरंचसं जुन्या स्प्लेंडरला, बुलेटला, येझदीलाही लागू पडेल.

१. तपास टाकीपासून सुरू करा आणि खाली या.

कॉक बंद करा, कार्बोरेटरला जाणारी रबरी नळी काढून रिकाम्या बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. हे इंजिन गार असताना, उघड्यावर करायचं. बिडी-सिगारेटवाल्या मित्रांना तेवढा वेळ लांब बसवायचं. धार सलग पडली पाहिजे. पहिल्यापासूनच बारीक असेल तर कॉकच्या जाळीत काहीतरी अडकलंय. मेनवर बरी आणि रिझर्व्हवर बारीक असेल तर टाकीच्या तळाला गाळ आहे, कारण रिझर्व्ह अगदी तळातलं पेट्रोल उचलतो. आधी जोरात पडून मग हळूहळू मंदावत असेल तर दोष टाकीच्या झाकणात. त्याबद्दल खाली सविस्तर.

एवढ्या तपासाला हत्यार म्हणून एक पक्कड पुरते. तरी गाडी मेस्त्रीकडे नेल्यावर ही बाटली फारशी कुणी धरत नाही, थेट कार्बोरेटर टेबलावर येतो. त्यात मेस्त्रीचा दोष नाही. आपणच गाडी उभी करताना सांगतो, ‘कार्बोरेटर साफ करायचाय.’ दुखणं सांगायचं सोडून औषध सांगितलं की समोरचा तेवढंच करतो.

नळीच्या मधोमध पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर बसवायची एक हौस असते. जाळीचा, कमी अडथळ्याचा फिल्टर असेल तर ठीक. आत कागदाच्या घड्या असलेला फिल्टर मात्र पंप असलेल्या गाड्यांसाठी बनवलेला असतो. इथे पेट्रोल ढकलायला कुणी नाही, टाकी आणि कार्बोरेटर यांच्यातला जेमतेम फूटभर उंचीचा फरक हाच काय तो दाब. टाकी निम्म्याखाली गेली की अशा फिल्टरमध्ये हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि गाडी चढाला झटके मारायला लागते.

२. झाकणाला श्वास हवा.

माझा भाचा चिपळूणला असतो. एकदा कुंभार्ली घाटातून फोन आला, “मामा, गाडी बंद पडतीय. दहा मिनिटं थांबलं की परत चालू होते, दोन-तीन किलोमीटर जाते, परत बंद.” गाडी तापते असं त्याच्या मित्रांनी ठरवूनही टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघड आणि कान देऊन ऐक. ‘फुस्स’ असा आवाज आला. त्याने झाकण नुसतं टेकवून ठेवलं, वर फडकं बांधलं आणि पाटणपर्यंत कुठेही न थांबता आला.

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. धुताना गेलेला चिखल, पॉलिशचा थर किंवा नवीन घातलेलं जाड रबरी वॉशर ती वाट बंद करतं. मग टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच अडकून राहतं. थांबलं की हवा कुठूनतरी हळूहळू शिरते, म्हणून गाडी परत चालू होते. थांबल्यावर आपोआप बरी होणारी गाडी दिसली की आधी झाकण, मग इग्निशन कॉइल, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

३. चॉक ओढून बघा.

चालत्या गाडीत दोष दिसत असताना चॉक किंचित ओढायचा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी घुसमटली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. अर्धं निदान इथे होतं आणि काही खोलावंही लागत नाही.

आरएक्सच्या चॉकबद्दल एक पोटकलम. या कार्बोरेटरमध्ये चॉक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप नसते, जास्तीचं पेट्रोल देणारी वेगळी वाट असते आणि तिच्यावर एक छोटा दट्ट्या बसतो. दट्ट्याच्या टोकाचं रबर झिजलं की ती वाट कधीच पुरती बंद होत नाही. प्लग सतत काळा, अ‍ॅव्हरेज पडलेलं, आणि मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक शून्य. या दुखण्यावर लोक जेट बदलत बसतात.

४. “कधी?” नव्हे, “रेस किती दिल्यावर?”

सगळ्यात जास्त कामाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबतो. ‘गाडी मिसिंग करते’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. रेसची मूठ किती वळवल्यावर मिसिंग करते, हे कळलं तर कार्बोरेटरचा कुठला भाग तपासायचा ते जवळजवळ ठरतं. मुठीला कागदी चिकटपट्टी लावा, हँडलच्या घरावर बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा, आणि मोकळ्या रस्त्यावर एकेका खुणेवर मूठ स्थिर धरून गाडी चालवा. वेग किती आहे याच्याशी देणंघेणं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये साठला असताना मूठ पावच असू शकते आणि चढाला तिसाला असताना पूर्ण.

मूठ बंद ते आठवा भाग उघडेपर्यंत राज्य स्लो जेटचं आणि हवेच्या स्क्रूचं. त्यानंतर पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचं. पाव ते पाऊण या पट्ट्यात जेट नीडलचं, म्हणजे स्लाइडला लटकणाऱ्या निमुळत्या सुईचं. पाऊणच्या पुढे मेन जेटचं. या हद्दी एकमेकींत थोड्या घुसतात, पण ढोबळमानाने पक्क्या आहेत. शहरात रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्या माणसाची मूठ बहुतेक वेळ अर्ध्याच्या आत असते. त्याचं अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मेन जेट लहान केला तर अ‍ॅव्हरेज तसंच राहतं, आणि कधीतरी हायवेला मूठ पूर्ण पिळली की पेट्रोल कमी पडून पिस्टन पकडतो. टू-स्ट्रोकमध्ये हा धोका जास्त, कारण पेट्रोलचा ओघ आतल्या भागांना गारही ठेवत असतो.

सुईवर खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. ‘क्लिप वर म्हणजे जास्त’ असा उलटा समज सर्रास ऐकू येतो.

५. हवेचा की पेट्रोलचा?

आयडलिंगच्या मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी-जास्त करतो. आत आवळला की मिश्रण पेट्रोलाने जड होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणच सोडतो. आत आवळला की पेट्रोल कमी. आरएक्सचा पहिल्या जातीचा आहे. दुसऱ्या जातीच्या गाडीवर हात बसलेला माणूस आरएक्स उलटी ट्यून करतो आणि सगळं नीट करूनही बिघडतंय कसं, म्हणून चक्रावतो. सुरुवात हलक्या हाताने पूर्ण आवळून दीड वळसा सोडण्यापासून. इंजिन चांगलं तापल्यावरच पुढचं ट्यूनिंग. दीडच्या ऐवजी तीन वळशांवर गाडी बरी वाटत असेल तर स्क्रूला सोडा आणि स्लो जेट बघा.

६. जेटमध्ये तार घालू नका.

पितळ मऊ असतं. भोकाचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं, आणि सेफ्टी पिनेला ५ टक्के म्हणजे काहीच नाही. कार्बोरेटर क्लीनर, हवेचा मारा, आणि फारच डिंक साचला असेल तर मऊ तांब्याच्या वायरचा एक सुटा धागा. साफ झाला की जेट आकाशाकडे धरून बघायचा. भोक गोल दिसलं पाहिजे, आणि स्लो जेटचं भोक दिसलं पाहिजे.

७. चोरट्या वाटेने शिरणारी हवा.

रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. आयडलिंग आज एक, उद्या दुसरं. अशा गाडीचा कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी ती सुधारत नाही, कारण हवा कार्बोरेटरला वळसा घालून आत येत असते.

पहिला संशय कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यातल्या जोडावर. रबर वरून धडधाकट दिसतं, हाताने वाकवल्यावर भेग उघडते. गाडी आयडलिंगवर ठेवून जोडाभोवती साबणाचं पाणी मारा. आवाज बदलला तर चोर सापडला. काहीजण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या इंजिनावर तो मला पटत नाही.

दुसरा संशय क्रँकच्या ऑइल सीलवर, आणि इथे टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी होते. फोर-स्ट्रोकमध्ये सील गेलं की तेल गळतं, बस. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच इंधनाचा रस्ता. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आयडलिंग भरकटतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी घटते, खाली मात्र थेंबही दिसत नाही. दोन्ही सीलं स्वस्त, मेहनत मॅग्नेट आणि क्लच उतरवण्याची. त्या मेहनतीच्या भीतीने माणसं वर्षानुवर्षं कार्बोरेटर धूत राहतात.

आणि एअर फिल्टरचा डबा काढून ‘आवाज भारी येतो’ म्हणणाऱ्यांनो: आवाज येतो खरा. मिश्रणही पातळ होतं आणि रस्त्याची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. आरएक्सचा फोम रॉकेलमध्ये धुवून, वाळवून, तेलात भिजवून, दाबून पिळून परत बसवायचा. कोरडा फोम धूळ धरत नाही.

८. पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून विकायला लागले आणि आता पंपावर ते नेहमीचंच झालंय. त्यातलं बरंचसं इथेनॉल इथल्याच उसाचं. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या माणसाने त्याला नावं ठेवायची म्हणजे घरच्यांनाच ठेवल्यासारखं. तक्रार नाही, हिशेब सांगतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर जेटच्या भोकाएवढंच देतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बरोबर बसवलेली जुनी गाडी काही न करता पातळ चालायला लागते. आयडलिंग भुकेलं होतं, थंडीत किक वाढतात, रेस सोडल्यावर सायलेन्सर फटाके मारतो.

उपाय अचाट नाहीत. सुईची क्लिप एक खाच खाली, हवेचा स्क्रू जरासा आत, आणि हायवेला लांब पळवत असाल तर मेन जेट एक नंबर मोठा. एका वेळी एकच बदल, आणि मध्ये निदान एक टाकी पेट्रोल. तिन्ही एकदम केले तर कशाने काय झालं ते देवाला ठाऊक. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा मिश्रणाने जुन्या घडणीच्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता. तुमचं वीस टक्के घटलं असेल तर इथेनॉलला दोष देऊ नका, चॉकचा दट्ट्या बघा.

रबराचं दुखणं वेगळं. जुन्या नळ्या, ओ-रिंगा, फ्लोट नीडलचं काळं टोक हे सगळं इथेनॉल डोळ्यांपुढे न ठेवता बनवलेलं. ते फुगतं, चिकट होतं किंवा कडक होऊन तडकतं. बदलताना इथेनॉलला टिकणारा माल मागून घ्यायचा.

९. पावसाळ्यात उभी गाडी.

इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात, आणि कॉक तळातूनच घेतो. पाऊस संपल्यावर गाडी उठत नाही तेव्हा वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. तळाला वेगळा थर किंवा थेंब लोळताना दिसले की पुढची किक मारायची गरज नाही. टाकीसकट सगळं रिकामं करायचं. वाटीत पांढरट भुकटी दिसली तर पाण्याने धातू खाल्लाय.

महिनाभराहून जास्त उभी करायची असेल तर टाकी गच्च, कॉक बंद, वाटी रिकामी. अर्धी रिकामी टाकी दिवसरात्रीच्या फरकाने श्वास घेते आणि दमट हवा आतल्या पत्र्यावर पाणी सोडते. गंजाचा उगम तिथे.

१०. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर फ्लोट नीडलमध्ये कण अडकलाय. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या तर बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटकाय. तोवर कॉक बंद करायची सवय सोडू नका.

११. घाट चढताना कार्बोरेटरला हात लावू नका.

वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, पुढे महाबळेश्वर. तिथे उंची सुमारे १,३७० मीटर, हवा समुद्रसपाटीपेक्षा आठव्या हिश्श्याने विरळ. पेट्रोल तुलनेने जास्त पडतं, गाडी जड वाटते, आयडलिंगला गुरगुरते. चिपळूणला बसवलेल्या गाडीला हे जास्त जाणवतं, साताऱ्याच्या गाडीला कमी. वर गेल्यावर पेट्रोल कमी करून घेतलं आणि तसंच कोकणात उतरलात तर खाली गाडी पातळ. दोन दिवसांच्या सहलीसाठी हे करू नये. उतरताना मात्र एक पथ्य: आरएक्सच्या रेसची केबल पुढे फुटून एक फाटा कार्बोरेटरला आणि एक ऑइल पंपाला जातो. मूठ बंद ठेवून इंजिनाच्या जोरावर लांब उतरलं की फेरे जास्त आणि तेल कमी. अधूनमधून क्लच दाबून रेस द्यायची. केबल बदलली की पंपावरची खूण जुळते का तेही बघायचं. कार्बोरेटर नवा टाकून ही खूण न बघणं महागात पडतं.

१२. कार्बोरेटरचे नसलेले कार्बोरेटरचे आजार.

इंधनाचा दोष हळूहळू येतो आणि हळूहळू जातो, विजेचा दोष बटण दाबल्यासारखा येतो. तापल्यावर ठिणगी सोडणारी कॉइल, सैल प्लग कॅप, ओलं कनेक्शन. आणि टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर: बॅफलवर काजळीचा थर बसला की गाडी वरच्या फेऱ्यांना गुदमरते, अगदी मेन जेट मोठा पडल्यासारखी. बॅफल काढून साफ करायला अर्धी सकाळ जाते. प्लगचा रंग बघायचा तर पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवून, क्लच दाबून, तिथेच इंजिन बंद करून बघा. घरापर्यंत हळू येऊन काढलेला प्लग फक्त आयडलिंगबद्दल बोलतो.

१३. जुना कार्बोरेटर फेकू नका.

पुण्यात नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आरएक्सचा ‘नवा’ कार्बोरेटर मिळतो, डबीसकट. डबीवर विश्वास ठेवू नये. नकली जेटवर नंबर बरोबर असतो, भोक नसतं. झिजलेल्या मूळ कार्बोरेटरला नवी स्लाइड, नवी सुई आणि नीडल सीट घातली तर तो बहुतेकदा नकली नव्यापेक्षा सरस चालतो. फक्त बॉडीतच स्लाइड खडखडत असेल तर इलाज नाही.

खोलायचं ठरवलंच तर वाटीचं गॅस्केट आधी आणून ठेवा. जुनं इथेनॉलने फुगलेलं असतं, एकदा बाहेर आलं की खाचेत परत बसत नाही, आणि रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं. अडलंच तर ते पुसून रात्रभर हवेवर ठेवायचं. सकाळपर्यंत आकसून पुष्कळदा बसण्याइतकं होतं.